लेकरू मैत्रिणीकडे ठेवून कामावर जाताना



सकाळी सहा-साडेसहाला वस्तीतून कामाला निघणाऱ्या बाया पाहा. एका हातात डब्याची पिशवी, कडेवर लेकरू, आणि पाय बसस्टॉपकडे वळण्याआधी शेजारच्या गल्लीत वळतात. लेकरू मैत्रिणीच्या हातात द्यायचं आणि ते रडायच्या आत सटकायचं. धुणीभांडी असो, झाडलोट असो, कारखान्यातलं पॅकिंग असो की नाक्यावरची बिगारी असो, कामाची वेळ कुणासाठी थांबत नाही. सासू गावाला असते, नाहीतर तीही कामाला असते. मोलकरणीला मोलकरीण परवडत नाही. मग उरते ती मैत्रीण. कधी ती समोरच्या खोलीतली ताई असते, कधी महिला मंडळातली वहिनी, कधी बचत गटातली काकू.

आरोग्याच्या कार्यक्रमांत मात्र सगळं आईलाच सांगितलं जातं. लसीकरणाला ती येते, अंगणवाडीच्या बैठकीला ती येते, जुलाबाच्या पुडीचं प्रमाण तिला समजावलं जातं. आणि लेकराला जुलाब लागतात सकाळी अकराला, मैत्रिणीच्या घरी. आई तेव्हा तीन स्टेशनं लांब कुणाची तरी भांडी घासत असते. मैत्रिणीच्या मायेत काही कमी नसतं. तिला फक्त या लेकराची माहिती नसते. सकाळी औषध दिलं होतं का, कोणती लस राहिली आहे, दाणे खायला द्यायचे की नाही, हे सगळं एकट्या आईच्या डोक्यात असतं आणि आईसोबतच कामावर जातं.

म्हणून या अंकातलं हे पान त्या मैत्रिणीसाठीही आहे. तिला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. बापाने वाचलं तर फारच बरं.

हे वय कसं असतं

एक ते तीन वर्षांचं लेकरू म्हणजे तान्हंही नाही आणि शाळकरीही नाही. पहिल्या वर्षात त्याचं वजन साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोनं वाढतं. त्यामुळे भूक कमी झाल्यासारखी वाटते, घास तोंडात घोळवत बसतं, आणि घरात कुरबुर सुरू होते की हिच्याकडे ठेवल्यापासून पोरगं खात नाही. त्या मैत्रिणीवर हा आळ आम्ही कितीदा ऐकला आहे. वय बदललं की भूक बदलते, हे आधी दोन्ही घरांनी समजून घ्यावं. वजन खरंच अडलं आहे का, ते अंगणवाडीच्या काट्यावर आणि दंडाच्या पट्टीवर कळतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेबारा सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर कुपोषण सुरू झालं आहे. साडेअकरापेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण आहे, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पट्टीवर हिरवा, पिवळा, लाल रंग असतो, त्यामुळे आकडे लक्षात राहिले नाहीत तरी चालतं.

दुसरी गोष्ट लसीची. तान्ह्या बाळाच्या लसी आपल्या घरांत आता बहुतेक वेळेवर होतात. गळती होते ती पुढे. नवव्या महिन्याला गोवर-रुबेलाचा पहिला डोस झाला की पुढचा येतो थेट सोळा ते चोवीस महिन्यांच्या मधे. तेव्हा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणीचा बूस्टर आणि पोलिओचा बूस्टर असतो, शिवाय दर सहा महिन्यांनी जीवनसत्त्व ‘अ’चा डोस. तोवर आई कामावर रुजू झालेली असते, लसीकरणाचा दिवस आठवड्याच्या मधे येतो, आणि ‘पुढच्या खेपेला’ म्हणता म्हणता दोन वर्षं उलटतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची साथ आली आणि लेकरं दगावली. अजिबात लस न घेतलेली किंवा एकच डोस झालेली मुलं अशा साथीत सगळ्यांत आधी सापडतात.

आईलाच जावं लागतं असं काही नाही. बाप, आजी, आत्या कुणीही माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन गेलं तरी लस मिळते. मैत्रीण नेणार असेल तर आईनं आदल्या दिवशी आशाताईला किंवा नर्सताईला फोन करून ठेवावा, आणि मागच्या लसीला लेकराला काही त्रास झाला होता का तेही सांगावं. त्रिगुणीनंतर रात्री ताप येऊ शकतो, मांडी किंवा दंड दुखतो. तिथे चोळू नका, शेकू नका. गावाला गेल्यामुळे डोस चुकला असेल तर कुठल्याही सरकारी केंद्रावर तो घेता येतो, आधीच्या लसी पहिल्यापासून पुन्हा सुरू कराव्या लागत नाहीत.

जुलाब लागले तर

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला पोटाचा विकार झाला होता. तो स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. तथागत आनंदाला घेऊन फिरत फिरत तिथे पोहोचले. त्यांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदानं त्याला धुतलं, आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजवलं. मग भिक्खूंना विचारलं, याची सेवा कुणी का केली नाही? उत्तर मिळालं की तो कुणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून. तेव्हा तथागतांनी सांगितलं की इथे तुमची काळजी घ्यायला आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? माझी सेवा करू इच्छिणाऱ्यानं आजाऱ्याची सेवा करावी.

नर्सिंगच्या वर्गात आम्हाला नाइटिंगेल बाईंचा दिवा शिकवला, तो चांगलाच शिकवला. हा प्रसंग मात्र पुढे वस्तीत काम करताना एका भन्तेजींकडून कळला. दुसऱ्याच्या लेकराची हगवण न किळसता धुणारी मैत्रीण आम्ही रोज पाहतो. तिच्या हातात ओआरएसची पुडी असली की अर्धं काम होतं.

ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते. पाण्याची एक लिटरची बाटली मोजून भांड्यात ओता आणि पूर्ण पुडी एकदम टाका. अर्धी पुडी पेल्यात टाकली की मीठ-साखरेचं प्रमाण अंदाजावर जातं आणि त्यानं अपाय होतो. बाजारात लहान पुड्याही मिळतात, त्यांवर किती पाण्यात घालायची ते लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. पाणी उकळून गार केलेलं असावं. केलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं.

दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या लेकराला पाव ते अर्धा कप, आणि दोन वर्षांवरच्याला अर्धा ते एक कप पाजायचं. घटाघटा नाही, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा आणखी सावकाश सुरू करायचं. उलटी झाली म्हणून पाणी बंद करणं ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक आहे, आणि लेकरू सुकतं ते त्यानंच. पुडी आणेपर्यंत मीठ घातलेली तांदळाची पेज, ताक, वरणाचं पाणी चालतं. टेट्रापॅकमधली ओआरएससारख्या नावाची गोड पेयं आणू नका, त्यात साखर फार असते आणि जुलाब वाढतात. पुडीवर ‘डब्ल्यूएचओ फॉर्म्युला’ असं लिहिलेलं असावं. आशाताईकडे आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. जुलाब लागायची वाट न पाहता एकेक पुडी दोन्ही घरांत ठेवा.

सोबत झिंकची गोळी मिळते. सहा महिन्यांवरच्या मुलाला वीस मिलिग्रॅमची, रोज एक, पूर्ण चौदा दिवस, चमचाभर पाण्यात विरघळवून. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि गोळी चौथ्या दिवशी विसरली जाते. आई सकाळी विसरली तर मैत्रिणीनं आठवण करावी. पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब लागण्याचा धोका या गोळ्यांनी कमी होतो. खाणं चालूच ठेवायचं, अंगावरचं दूधही. जुलाब थांबवणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या लेकराला कधीही द्यायच्या नाहीत.

आईची वाट न पाहता दवाखान्यात कधी न्यायचं, हे मैत्रिणीला आधीच सांगून ठेवा: शी मधे रक्त दिसलं, डोळे खोल गेले, लेकरू मलूल पडलं किंवा उठवूनही नीट जागं होईना, पाणी पिता येईना, प्यायलेलं सगळंच उलटून पडतंय, सहा तासांत लघवी झाली नाही. यांपैकी एक जरी दिसलं तरी आधी लेकराला उचलायचं, फोन रिक्षात बसून करायचा. आईनंही मैत्रिणीला बोलून ठेवावं की मला न विचारता नेलंस तरी मी शब्दानं बोलणार नाही. ही परवानगी न दिल्यामुळे मैत्रिणी दोन-दोन तास फोन लागायची वाट पाहतात.

तापाचं औषध आणि दोन घरं

ताप आलेल्या लेकराला आई सकाळी साडेसहाला पॅरासिटामॉल देऊन जाते. मैत्रीण आठला कपाळाला हात लावते, अंग गरम लागतं, ती तिच्याकडच्या बाटलीतलं देते. दोघींनी काळजीपोटीच केलं, पण लेकराच्या पोटात दुप्पट गेलं. शिवाय थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली यांची ताकद वेगळी असते. थेंबांचं औषध चमच्यानं मोजून दिलं तर डोस कितीतरी पटीनं वाढतो, आणि त्यानं यकृतावर परिणाम होतो.

म्हणून औषधाची बाटली एकच, ती लेकरासोबत जाईल. बाटलीला कागदाची पट्टी चिकटवा, दिल्याची वेळ तिच्यावर लिहा. डोस लेकराच्या वजनावर ठरतो, तो डॉक्टरांकडून एकदा लिहून घ्या. दोन डोसांमधे किमान चार ते सहा तास, आणि दिवसरात्रीत चारपेक्षा जास्त वेळा नाही.

खोकल्याच्या औषधाचं तर नावच नको. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या विषारी सिरपनं मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि लेकरं गेली. त्यांतली बरीच उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली होती. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्यानं स्पष्ट कळवलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालच्यांनाही सहसा देऊ नयेत. थोरल्याच्या वेळची उरलेली बाटली धाकट्याला पाजणं बंद करा. कोमट पाणी, अंगावरचं दूध, आणि वर्षावरच्या मुलाला अर्धा चमचा मध पुरेसा आहे. श्वासावर मात्र लक्ष ठेवा. लेकरू शांत असताना एक मिनिट छाती-पोटाची हालचाल मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला चाळीस किंवा जास्त असेल, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर.

डब्यात काय द्यायचं

मैत्रिणीच्या घरचं शिजलेलं सगळ्यांच्या वाट्याचं असतं, हे आईला माहीत असतं. म्हणून ती संकोचानं पाच-पाच रुपयांची दोन पाकिटं आणि बिस्किटपुडा देऊन जाते. मैत्रीणही रडणं थांबवायला चहात बिस्किट बुडवून देते. यात लेकराचं पोट भरतं आणि भूक मरते. वरून चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. पांढरीफटक पडलेली, चिडचिडी पोरं आम्हाला तपासणीत दिसतात, त्यांच्या घरी चहाचा कप हमखास सापडतो.

या वयात तीन-चार जेवणं आणि मधे एक-दोनदा काहीतरी खाणं लागतं, दर जेवणाला पाऊण ते एक वाटी. आई सकाळी स्वतःचा डबा करतेच, त्यातच लेकराचा होतो. मऊ वरणभात, त्यात चमचाभर तेल किंवा तूप. कुस्करलेली भाजी-भाकरी दुधात किंवा वरणात. उकडलेलं अंडं. केळं. आपल्या घरांत सुकट, जवळा, कलेजी, मासे खाल्ले जातात आणि त्याची लाज बाळगायचं काही कारण नाही. भाजून बारीक केलेला जवळा चमचाभर भातात मिसळला, किंवा आठवड्यातून एकदा कलेजीचा लहान तुकडा कुस्करून दिला, तर लोह आणि प्रथिनं दोन्ही मिळतात. अंगणवाडीतून तीन वर्षांखालच्या मुलांसाठी घरी न्यायचा आहार मिळतो. तो घरातल्या सगळ्यांत वाटला जातो, हेही आम्ही पाहतो. तो लेकराच्या नावाचा आहे.

आई कामावर असली तरी सकाळी, संध्याकाळी आणि रात्री अंगावर पाजू शकते. दोन वर्षांपर्यंत पाजावं.

मैत्रिणीच्या घरात दोन पोरं भांडली की हातावर दाणे, फुटाणे ठेवण्याची पद्धत आहे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं, चिकूची बी, गोळी-चॉकलेट पाच वर्षांखालच्या मुलाला नको. श्वासनलिकेत अडकतं. दाण्याचा कूट द्या, लाडू द्या. काही अडकलं आणि लेकरू जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज फुटेना, निळं पडू लागलं, तर वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून पाठीवर दोन फऱ्यांच्या मधे तळहाताच्या टाचेनं पाच जोरदार थापट्या मारा. नाही निघालं तर मागून हात घालून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके द्या. पुन्हा पाच थापट्या, पुन्हा पाच झटके. दरम्यान दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन करायचा. तोंडात आंधळेपणानं बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते.

दहा बाय दहाची खोली

नळाला तासभर पाणी येतं, त्यामुळे प्रत्येक घरात पिंप, बादल्या, टब भरलेले असतात. दीड वर्षाच्या लेकराचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. ते बादलीत वाकलं की तोल जातो आणि त्याला परत उठता येत नाही. वीतभर पाणी त्याला पुरतं, आणि आवाजही होत नाही. पोर गप्प आहे म्हणून बाई भाकऱ्या थापत राहते. पिंपाला झाकण आणि झाकणावर वजन, बादली मोरीत आणि मोरीला आडवी फळी. रिकामी बादली पालथी. लेकरू ठेवणाऱ्या घरात एवढं केलंच पाहिजे, आणि ते करायला लेकराच्या आईनं सुट्टीच्या दिवशी जाऊन मदत करावी. फळी आणि खिळे बापानं आणावेत.

शेगडी जमिनीवर असेल तर भाजण्याची भीती असते. भाजलं तर वीस मिनिटं साधं गार पाणी. दुपारी नळ कोरडा असतो, तर साठवलेल्या पाण्यातून तांब्यानं ओतत राहायचं. हातातलं कडं, मनगट्या सूज यायच्या आत काढायच्या. चिकटलेला कपडा ओढायचा नाही. टूथपेस्ट, हळद, शाई, बटाटा, बर्फ काही लावायचं नाही. स्वच्छ सुती कापड झाकून दवाखान्यात.

रॉकेल, फिनेल, संडासचं ॲसिड थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय मोडा. लेकरू बाटली ओळखतं, आतलं ओळखत नाही. प्यायलं तर ओकायला लावू नका, मिठाचं पाणी पाजू नका, बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठा. रिमोट आणि खेळण्यातला चपटा गोल सेल गिळला तरी तसंच, तासाभराचाही उशीर नको.

आणि गळ्यातला काळा दोरा. बावीस प्रतिज्ञांची तसबीर भिंतीवर आणि तिच्याखाली लेकराच्या गळ्यात दोरा, हे चित्र अजून दिसतं. आजीचं मन मोडवत नाही असं सांगतात. दोरा खिळ्याला, कडीला अडकून गळा आवळला जाऊ शकतो, एवढं आजीला सांगितलं तर तीही ऐकते. काजळात शिसं असू शकतं, तेही नको.

रडणं, हट्ट, मोबाइल

आईनं लपून सटकू नये. लेकरू रडलं तरी चालेल, पण ‘मी कामाला जाते, तू जेवून झोपलास की येते’ असं सांगून निघावं. सटकण्याची सवय लागली की ते दिवसभर दाराकडे पाहत बसतं आणि रात्री आईला सोडत नाही. दोन वर्षांच्या पोराला राग येतो, पण सांगायला शब्द नसतात, म्हणून ते अंग टाकतं, चावतं. तेव्हा त्याला लागणार नाही एवढं पाहायचं आणि शांत झालं की जवळ घ्यायचं. मारायचं नाही, पोलीस किंवा बागुलबुवाची भीती घालायची नाही. हा नियम दोन्ही घरांत एकच हवा. एकीकडे मार आणि दुसरीकडे गोळी, असं झालं तर लेकराला काहीच उमगत नाही.

दोन वर्षांखाली मोबाइल नकोच. हे मैत्रिणीला सांगणं अवघड असतं, कारण तिला स्वयंपाक आवरायचा असतो. तिच्याकडे रिकामे डबे, चमचे, चिंध्यांचा चेंडू अशी एक पिशवी ठेवा. दीड वर्षापर्यंत चालत नसेल, बोटानं दाखवत नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा येत असलेलं विसरत चाललं असेल, तर अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. हे बदल पुष्कळदा आधी मैत्रिणीच्याच लक्षात येतात. ती बोलली तर तिच्यावर रागावू नका.

मदतीचा हिशेब

मैत्रीण नसली की घरातली थोरली पोरगी. बारा-तेरा वर्षांची मुलगी आठवड्यातून दोन दिवस शाळा बुडवते, मग चार दिवस, मग नावच कमी होतं. धाकट्याला सांभाळताना थोरलीची शाळा जात असेल तर त्याला मदत म्हणता येत नाही. याबाबत आम्ही कुठल्याही घरात भीड ठेवत नाही.

मैत्रिणीचाही विचार व्हायला हवा. रोज चार-पाच तास दुसऱ्याचं लेकरू सांभाळणारी बाई स्वतः दुपारी आडवी होत नाही, आजारी पडली तर सांगत नाही. पैसे देणं-घेणं दोघींनाही अवघड वाटतं. मग आम्ही सुचवतो की तीन-चार घरांनी मिळून वार वाटून घ्यावेत. जिची सुट्टी गुरुवारी, तिच्याकडे गुरुवारी. जी रोज सांभाळते तिला महिन्याचं काही ठरवून द्यावं, किंवा तिचं पाणी भरणं, रेशन आणणं दुसरीनं घ्यावं. बोलून ठरवलेलं टिकतं. न बोलता चाललेलं एक दिवस नळावर भांडणातून बाहेर पडतं.

पुरुषांनी इथे लांबून पाहू नये. १९४२ च्या जुलैत नागपूरला झालेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलींना सांगितलं होतं की पत्नीनं नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभं राहावं. मैत्रीत काम एकाच बाजूला पडत नाही. रात्रपाळीचा बाप सकाळी दोन तास लेकरू सांभाळू शकतो, लसीला नेऊ शकतो, शी धुऊ शकतो. वस्तीत असे बाप आहेत, आणि त्यांना हसणारेही आहेत.

रमाई आणि बाबासाहेबांची चार लेकरं लहानपणीच गेली, हे आपल्याला माहीत आहे. जयंतीच्या भाषणांत ते त्याग म्हणून सांगितलं जातं. नर्सच्या नजरेनं पाहिलं तर त्या घरात पैसा नव्हता, औषध नव्हतं, आणि आजच्यासारखी लस, ओआरएस, झिंक तेव्हा कुणाकडेच नव्हतं. याच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना कामगार बाईच्या बाळंतपणाचा भार मालकानं आणि मुख्यतः सरकारनं उचलावा अशी बाजू मांडली होती. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. आज पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय असावी असा कायदा आहे. पण चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मालकिणी चार, आणि पाळणाघर एकीकडेही नाही.

तिच्यासाठी केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडी-सह-पाळणाघर ही तरतूद आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांकरता. ती आपल्या वस्तीत आपोआप येणार नाही. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास थांबा. कामावर जाणाऱ्या किती आया, किती लेकरं, कुणाकडे राहतात, कामाच्या वेळा कोणत्या, एवढी यादी वहीत करा. थोरल्या कोणत्या मुलीची शाळा त्यामुळे बुडते, तेही लिहा. ही यादी जोडून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. पाळणाघर मिळेपर्यंत दुपारच्या वेळी विहाराचा एक कोपरा लेकरांसाठी उघडा ठेवता येईल का, हे विहार समितीला त्याच दिवशी विचारा. चटई आणि झाकणाचा पाण्याचा माठ एवढ्यावर सुरुवात होते.

आणि घरी गेल्यावर एक कागद घ्या. लेकराचं नाव, जन्मतारीख, वजन, राहिलेली लस, काय खाल्लं की पुरळ उठते, कोणतं औषध किती द्यायचं, आई-बापाचे फोन, आईच्या मालकिणीचा फोन, जवळचा दवाखाना, १०८. मोठ्या अक्षरांत लिहा आणि मैत्रिणीच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. वजन आणि लस बदलली की कागदही बदला.